डोक्याला करंट लावला तर अभ्यासात लक्ष लागेल का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत):

वर्तकनगरला राहणारा २८ वर्षांचा एक वाचक लिहितो: इंजिनिअरिंग झालं, ऐरोलीत दोन वर्षं नोकरी केली, ती सोडून राज्यसेवेच्या मागे लागलो त्याला चार वर्षं झाली. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा अडकलो. आता ती वर्णनात्मक झाल्यापासून धास्तीच बसली आहे. सकाळी आठला नौपाड्यातल्या अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला घरी येतो. जेवण झालं की मोबाइलवर चालू घडामोडी बघत एक-दीड वाजतो, सकाळी साडेसहाला परत उठतो. पण पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत मन भलतीकडे. एकच पान तीनतीनदा वाचतो.

अभ्यासिकेतल्या एका मित्राने परदेशातून हेडसेट मागवला आहे. कपाळावर ओले स्पंज लावून मेंदूला वीस मिनिटं सौम्य करंट द्यायचा, त्याने एकाग्रता वाढते म्हणे. त्याच्या सांगण्यावरून आदल्या रात्री लवकर झोपलो, फोन बंद करून बॅगेत टाकला आणि त्याला शेजारी बसवून लावून पाहिला. डोकं लख्ख झाल्यासारखं वाटलं, सलग दोन तास वाचलं. त्यानंतरही काही वेळा लावला, पण तितकं जमलं नाही. बहुतेक करंट कमी पडतोय, एकवरून दोन मिलिअँपिअरवर न्यावा असा विचार आहे. नवीन यंत्र परवडत नाही, म्हणून दुसरा एक मित्र नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तसंच सर्किट करून देतो म्हणतोय. तिघांत खर्च वाटून घेऊ. हेडसेटवाल्याच्या कपाळावर एक लालसर डाग आलाय, पण तो म्हणतो जाईल आपोआप. माझी ताई फिजिओथेरपिस्ट आहे. रोज पेशंटच्या गुडघ्याला करंट लावते, आणि हे ऐकून भडकली. आईने तर ‘शॉक’ ऐकताच रडारड केली, ‘डोक्याला कशाला लावतोस रे?’ म्हणून. इतके शास्त्रीय पेपर आहेत, अमेरिकेत मान्यता आहे, मग घरच्यांचा हा अडाणीपणाच नाही का? यंत्र घेऊ का?

प्रिय मित्रा,

आधी आईची भीती दूर करू, कारण ते सोपं आहे. तिच्या डोळ्यांसमोर आलं ते ‘शॉक ट्रीटमेंट’, म्हणजे ईसीटी. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. इथे हयात गेलेल्या माणसांच्या मनात वीज आणि डोकं हे दोन शब्द एकत्र आले की तेवढंच चित्र उभं राहतं. ईसीटीत साधारण ८०० मिलिअँपिअरचा करंट काही सेकंद देऊन मेंदूत मुद्दाम आकडी आणतात. तीव्र नैराश्यात तो उपचार जीव वाचवतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो करताच येत नाही. तुझ्या मित्राच्या हेडसेटमधला करंट एक-दोन मिलिअँपिअरचा. त्यात आकडी आणायची नसते, शुद्ध हरपत नाही. आईला एवढं समजावून सांग. अडाणीपणाचा शिक्का मात्र मारू नकोस. ‘डोक्याला कशाला?’ हा तिचा प्रश्न उत्तम आहे, आणि तुझ्या पत्रात मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

आता ताई. ती गुडघ्याला जे लावते ते बहुतेक टेन्स किंवा आयएफटी, म्हणजे दुखणं कमी करणारी विजेची यंत्रं. त्यातला करंट स्पंदनांच्या किंवा सतत दिशा बदलणाऱ्या लाटांच्या रूपात येतो आणि कातडीखालच्या नसांवर काम करतो. वेदनेचा निरोप जरा दबवणं हे त्याचं काम. तुझ्या मित्राच्या यंत्रातला करंट एकाच दिशेने, न थांबता वाहतो. म्हणूनच त्याच्या नावात ‘डायरेक्ट करंट’ आहे: ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, थोडक्यात टीडीसीएस. एकाच दिशेने वाहणारा करंट स्पंजाखालच्या कातडीवर रासायनिक बदल घडवू शकतो, म्हणून तिथे स्पंज किती ओला, पाणी कोणतं, पट्टा किती घट्ट, सगळ्याला महत्त्व येतं. ताईला हे ठाऊक आहे, भडकली ती त्यामुळे. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते: घरात आजीच्या कंबरेसाठी आणलेल्या टेन्स मशीनचे पॅड ‘करंट तो करंटच’ म्हणून कोणीही कपाळाला किंवा कानशिलाला लावू नयेत. त्या यंत्रांच्या माहितीपत्रकातही डोक्याला लावू नका असं बजावलेलं असतं.

तू म्हणतोस शास्त्रीय पेपर आहेत. आहेतच, आणि भरपूर. २००० साली जर्मनीत ग्यॉटिंगेनला निट्शे आणि पाउलस या दोघांनी दाखवलं, की कवटीवरून अगदी मंद करंट काही मिनिटं दिला तर हाताची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाची उत्तेजित होण्याची तयारी वाढते किंवा कमी होते, आणि करंट बंद केल्यावरही थोडा वेळ तशीच राहते. हा करंट मेंदूतल्या पेशींना थेट काम करायला लावत नाही, त्यांचा उंबरठा जरासा वर-खाली करतो. तिथून पुढे जगभर लोक कामाला लागले. नैराश्य, अर्धांगवायू, स्मृती, लक्ष. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतही यावर वर्षानुवर्षं काम चाललं आहे, मुख्यतः स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर. तेव्हा हे भोंदूपण नाही. मात्र ‘पेपर आहेत’ आणि ‘माझा उपयोग होईल’ या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे.

लक्षापुरतं बोलायचं तर दोन चाचण्या शेजारी ठेवून बघ. ब्राझीलमध्ये एडीएचडीचं (लहानपणापासून लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार) निदान झालेल्या ६४ प्रौढांना घरी वापरायचं यंत्र देऊन चार आठवडे रोज अर्धा तास २ मिलिअँपिअरचा करंट दिला. निम्म्यांना खरा, निम्म्यांना खोटा. खऱ्या करंटवाल्यांची लक्ष विचलित होण्याची लक्षणं जास्त कमी झाली. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या एक वर्ष आधी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने एडीएचडी असलेल्या ५० मुलांवर १५ सत्रं करून पाहिली, जोडीला मेंदूचे व्यायामही दिले. फायदा दिसला नाही. उलट, खोटा करंट मिळालेल्या मुलांच्या पालकांनीच लक्षणं जास्त कमी झाल्याचं नोंदवलं. आजार तोच, यंत्राची जातकुळी तीच. वय, मेंदूतली जागा, पद्धत वेगळी, आणि निकाल दोन टोकांचे. या विषयात हे नेहमीचंच आहे.

अमेरिकेतली मान्यता म्हणतोस ती बहुधा २०१९ ची. ते वेगळंच यंत्र. ७ ते १२ वर्षांच्या, एडीएचडीचं औषध न घेणाऱ्या मुलांच्या कपाळाला झोपेत पट्टी लावून चेहऱ्याच्या एका नसेला सौम्य स्पंदनं द्यायची. ती मान्यता ६२ मुलांच्या चाचणीच्या आधारावर मिळाली होती. पुढे ब्रिटनमध्ये त्याहून मोठी चाचणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही. २८ वर्षांच्या धडधाकट माणसाने ओले स्पंज लावून राज्यघटनेची कलमं पाठ करावीत, याला कुणीही मान्यता दिलेली नाही.

आणि धडधाकट माणसांचं काय होतं? प्रयोगशाळेत पडद्यावर अक्षरं येतात-जातात, ठराविक अक्षर दिसलं की बटण दाबायचं. अशा कामात काहींचा वेग किंवा अचूकपणा थोडा वाढतो, काहींचा नाही, काहींचा घटतो. लंडनमध्ये ५३ निरोगी लोकांवर केलेल्या एका अभ्यासात, तोही हाताच्या हालचालीच्या साध्यासुध्या मापनावर, साधारण निम्म्या लोकांवर करंटचा परिणाम जेमतेम झाला किंवा झालाच नाही. कवटीची जाडी, कातडीखालची चरबी, मेंदूच्या घड्यांची रचना प्रत्येकाची निराळी. शिवाय स्पंजातून निघालेल्या करंटपैकी बराचसा कातडीतून आणि स्नायूंतूनच पलीकडे निघून जातो. मेंदूशास्त्रज्ञ बुझाकी यांच्या गटाने मृतदेहांवर मोजून २०१८ मध्ये दाखवलं की सुमारे तीन चतुर्थांश करंट मेंदूपर्यंत पोचतच नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो ऑक्सफर्डमधला २०१३ चा प्रयोग. लोकांना नवी, बनावट अंकचिन्हं शिकवली आणि शिकताना करंट दिला. मेंदूच्या एका भागावर दिला तर चिन्हं लवकर शिकली गेली, पण शिकलेलं आपोआप, विचार न करता वापरता येणं मंदावलं. दुसऱ्या भागावर दिला तर नेमकं उलट. परीक्षेच्या हॉलमध्ये तुला दोन्ही लागणार आहे. ‘एकाग्रता वाढते’ असं कुणी म्हणालं की ‘कशाच्या बदल्यात?’ हेही विचारायला हवं. हेडसेटच्या जाहिरातीत तो रकाना नसतो.

आता ‘करंट कमी पडतोय’ या तुझ्या तर्काकडे येते. औषधाच्या गोळीबद्दल आपण असा विचार करतो आणि तिथेही तो चुकतोच. इथे तर तो साफ फसतो. ग्यॉटिंगेनच्याच गटाने पुढे दाखवलं की १ मिलिअँपिअरचा जो करंट १३ मिनिटं दिल्यावर उत्तेजितता वाढवतो, तोच सलग २६ मिनिटं दिला तर ती कमी करतो. आणखी एका प्रयोगात १ मिलिअँपिअरला उत्तेजितता दाबणारी मांडणी २ मिलिअँपिअरला ती वाढवू लागली. म्हणजे दुप्पट केल्यावर दुप्पट परिणाम सोडाच, दिशासुद्धा फिरू शकते. आणि हे अशा प्रयोगशाळांत, जिथे डोक्यावरची जागा टेपने मोजून नेमकी ठरवतात. अभ्यासिकेच्या जिन्यात, आरशाशिवाय, पट्टा कानावरून ओढून घेताना दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच.

नऊ व्होल्टच्या बॅटरीबद्दल मी मऊ बोलणार नाही. ते करू नका. तुझा मित्र इलेक्ट्रॉनिक्समध्ये हुशार असेल, मला शंका नाही. पण अडचण कातडीची आहे. कोरड्या कातडीचा विद्युतरोध खूप असतो, स्पंज मुरत जातो तसा तो घसरतो, आणि करंट नियंत्रित करणारा भाग चोख नसेल तर करंट वर चढत जातो. मिठाचं पाणी ओघळून कानशिलापर्यंत आलं तर करंट भलत्याच वाटेने पसरतो. स्पंजाची एक कड वाळली तर उरलेल्या ओल्या ठिपक्यावर सगळा करंट एकवटतो आणि तिथे भाजतं, तेही कधी कधी जाणवायच्या आत. तार अचानक निसटली तर डोळ्यांपुढे लखकन प्रकाश चमकतो, कारण डोळ्याचा पडदाही त्या करंटला प्रतिसाद देतो. चांगली यंत्रं म्हणून करंट हळूहळू चढवतात आणि हळूहळू उतरवतात, संपर्क बिघडला की स्वतःहून थांबतात. आणि उद्या बॅटरी संपली म्हणून कुणी मोबाइलचा चार्जर जोडायचं डोकं चालवलं, तर त्याचा परिणाम वाचकांना समजावून सांगायची गरज नसावी.

न्याय्य बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला: ठरलेल्या मर्यादेत आणि देखरेखीखाली दिलेल्या ३३,००० हून अधिक सत्रांमध्ये गंभीर इजा नोंदली गेलेली नाही. खाज, टोचल्यासारखं होणं, लाली, डोकेदुखी, एवढंच. पण त्याच वर्षी या क्षेत्रातल्या ३९ संशोधकांनी घरी करंट लावून घेणाऱ्यांसाठी एक खुलं पत्र प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं, की करंट फक्त स्पंजाखाली राहत नाही; तो देताना तुम्ही काय करत होतात त्यावरही परिणाम ठरतो; काही बदल टिकाऊ असू शकतात; आणि रोज, महिनोन्महिने वापरणाऱ्यांचं पुढे काय होतं हे प्रयोगशाळांनी पाहिलेलं नाही. ज्यांची आयुष्यभराची कारकीर्द या यंत्रावर उभी आहे, ती माणसं घरी करणाऱ्यांना सावध करतात. मला ते फार बोलकं वाटतं.

आता त्या लख्ख दिवसाबद्दल. तू खोटं सांगतोयस असं मला वाटत नाही. पण या चाचण्यांमध्ये खोटा करंट कसा देतात ते ऐक. सुरुवातीला अर्धा मिनिट खरा करंट देतात. कपाळाला मुंग्या येतात, खाज सुटते, माणसाची खात्री पटते; मग करंट गुपचूप बंद. खऱ्या करंटचीही खाज तशी काही मिनिटांत बोथट होतेच, म्हणून बऱ्याच जणांना फरक कळत नाही. आणि त्यातल्या कित्येकांना तरतरी येते, लक्ष लागतं. फसले म्हणून ते मूर्ख ठरत नाहीत. आपण काहीतरी केलं, आता जमणार, या विश्वासालाही मेंदू प्रतिसाद देतो.

शिवाय तुझ्या पत्रातच आणखी काही आहे, तू सहज लिहून गेलास. त्या आदल्या रात्री तू लवकर झोपलास. फोन बंद करून बॅगेत टाकलास. शेजारी मित्र बसला होता, काय होतंय ते बघत. एका दिवसात इतक्या गोष्टी बदलल्या आणि श्रेय सगळं हेडसेटला गेलं! पुढच्या वेळी तितकं जमलं नाही, तेव्हा आदल्या रात्री किती वाजता झोपला होतास? फोन कुठे होता? पत्रात त्याबद्दल काही नाही, आणि माझा अंदाज तुला कळलाच असेल.

एक-दीड ते साडेसहा म्हणजे पाच-साडेपाच तास झोप. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना दोन आठवडे कमी झोपू दिलं आणि रोज लक्षाची चाचणी घेतली. रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. शेवटी ती एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. गंमत अशी की त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, जरा झोप येतेय, बाकी ठीक. तू वर्षानुवर्षं असा झोपतोयस आणि करंट कमी पडतोय म्हणतोस. टाकीला खाली भोक असताना वरून आणखी एक मोटर बसवण्यातला हा प्रकार आहे.

म्हणून माझं पहिलं सुचवणं: पुढचे दोन आठवडे त्या लख्ख दिवसाचीच नक्कल कर, फक्त हेडसेट वगळून. साडेदहा-अकराला अंथरुणात. चालू घडामोडी रात्री नाहीत. त्या दुपारी जेवणानंतर, जेव्हा नाहीतरी डोळे पेंगतात, अर्धा तास, छापील वर्तमानपत्रातून. फोन अभ्यासिकेत बॅगेत नव्हे, शक्य असेल तर घरीच. (आईला काळजी वाटत असेल तर अभ्यासिकेच्या काउंटरचा नंबर देऊन ठेव.) आणि शेजारी मित्र हवाच. दोघांनी मिळून पन्नास मिनिटं वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, कागद एकमेकांना द्यायचे. पान तीनदा वाचण्यापेक्षा हे किती तरी बरं. एकदा वाचून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना, नुसतं पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवड्यानंतर जास्त आठवतं, हे २००६ पासून अनेक प्रयोगांत पक्कं झालं आहे. शिवाय तुझी परीक्षा आता लिहिण्याची आहे. वाचताना भरकटणारं मन लिहिताना इतक्या सहज भरकटत नाही, कारण हात थांबतो आणि चोरी पकडली जाते.

याच दोन आठवड्यांत वहीच्या समासात एक नोंद ठेव. लक्ष उडालं की वेळ आणि दोन शब्द. ‘११.२० निकाल’, ‘३.०५ भूक’, ‘४.४० बाबा’. सुधारणा करायची नाही, फक्त टिपायचं. माझ्याकडे येणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून मी हे करून घेते आणि बहुतेक समास वाचताना जाणवतं, की लक्ष नाहीसं झालेलं नाही, ते दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीवर पक्कं खिळलेलं आहे. पैसे. वय. बरोबरीच्या मित्राचं लग्न. ‘या वेळीही नाही झालं तर?’ ही भीती. चार वर्षं आणि मुख्य परीक्षेतले दोन नकार म्हणजे थोडं ओझं नव्हे. त्या ओझ्याशी बोलायला करंट लागत नाही, माणूस लागतो. समासात एकच शब्द पुन्हापुन्हा आला तर तो घेऊन घरी बस, बाबांसमोर. किती प्रयत्न द्यायचे, कोणत्या महिन्यात दुसरा दरवाजा ठोठवायचा, ऐरोलीच्या अनुभवाचं काय करायचं, हे मनात घोळत ठेवण्यापेक्षा कागदावर तारखेसकट येऊ दे. परीक्षा सोडून दे असं मी सुचवत नाही. तो निर्णय तुझा. पण जो प्रश्न टाळतोयस तोच रोज अभ्यासिकेत तुझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसत असेल, तर त्याला उठवायला हवं.

दोन आठवडे नीट झोपून, फोन दूर ठेवूनही काहीच फरक पडला नाही तर? मग तपासून घे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शाकाहारी असशील तर बी-१२. फॅमिली डॉक्टर हे सहज सांगतील. मन सतत उदास असेल, आधी आवडायच्या त्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, तर नैराश्याचं पहिलं दिसणारं तोंडही ‘लक्ष लागत नाही’ हेच असू शकतं. आणि आठवून बघ: शाळेतही असंच होतं का? डबा विसरणं, अर्धवट सोडलेल्या वह्या, ‘हुशार आहे पण चंचल आहे’ असा प्रगतिपुस्तकातला शेरा? एडीएचडी बारा वर्षांच्या आधीपासून आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसलेला असावा लागतो. राज्यसेवेच्या तयारीत पहिल्यांदा उगवलेला लक्षाचा गोंधळ बहुतेकदा दुसऱ्याच कशाचा तरी असतो. पण खरंच लहानपणापासून असेल तर मोठेपणीही निदान होतं, आणि त्यावर टीडीसीएसपेक्षा कितीतरी भक्कम पुराव्याची औषधं आहेत. ती मनोविकारतज्ज्ञाने लिहून द्यायची, मित्राच्या पाकिटातून घ्यायची नाहीत. अभ्यासिकांमध्ये जाग्रणासाठी गोळ्यांची जी देवाणघेवाण चालते ती मला माहीत आहे, म्हणून हे वाक्य मुद्दाम लिहिलं.

जायचं कुठे? ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. नौपाड्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, १९९० पासून. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. लोकलच्या भाड्याच्या आणि केसपेपरच्या खर्चात तपासणी होते, फक्त सकाळी लवकर जावं लागतं. नवी मुंबईच्या वाचकांनाही तेच. कुणाशी तरी आज रात्रीच बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एवढं सगळं करूनही तुला टीडीसीएसबद्दल कुतूहल राहिलं तर ते राहू दे, वाईट काहीच नाही. मनोविकारतज्ज्ञाला विचार. एखाद्या संस्थेत चाचणी चालू असेल तर तीत भाग घेण्याची रीतसर पद्धत असते: लेखी संमती, देखरेख, आणि मुख्य म्हणजे काही झालं तर जबाबदार कोण ते ठरलेलं. आकडीचा आजार, डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप, पेसमेकर, टाळूवर जखम किंवा त्वचारोग असलेल्यांना सहसा यातून वगळतात. तुझ्या तिघांपैकी कुणी एकमेकांना हे विचारलं होतं का? खासगी सेंटरवाला पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ मागत असेल आणि निदान विचारतही नसेल, तर चहा पिऊन परत ये.

वर्गणीचे पैसे सध्या खिशातच ठेव. आणि हेडसेटवाल्या मित्राला हे पत्र दाखव. कपाळावरचा तो लालसर डाग काही तासांत विरला नसेल तर ती नुसती लाली नाही. त्याने हेडसेट लावणं आजपासून बंद करावं, तिथे काहीही चोळू नये, फोड आला तर फोडू नये, आणि या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. डॉक्टरांना ‘मच्छर चावला’ असं न सांगता करंट लावला होता हे स्पष्ट सांगावं, किती आणि किती वेळ तेही. सोबत तू जा.